पाटलीणबाईंची केरसुणी

लातूर
दि. २४ जून २०२५

ती. आजीस सृष्टीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी मेलेलं नाही. पत्राचं कारण इतकंच की आमच्या घरमालकीण जगदेवीबाई यांनी आम्हा मुलींचे मोबाईल काढून घेतले आणि कपाटात शालूंच्या खाली ठेवले. अभ्यासाची शिस्त म्हणतात. रविवारी थोडा वेळ फोन मिळतो, तोही त्यांच्यासमोर, स्पीकर लावून. घरचं बोलणं त्या ऐकतात, मान डोलावतात आणि मधूनच उत्तरही देतात. म्हणून खरं काय ते पत्रात. तू साक्षरता वर्गात लिहायला शिकलीस, त्याचा आता उपयोग कर. उत्तर मात्र अभ्यासिकेच्या पत्त्यावर पाठव, खोलीच्या नको.

खोली कशी मिळाली ते पप्पांनी तुला नीट सांगितलं नसणार. गादीची वळकटी पप्पांच्या डोक्यावर, पत्र्याची पेटी माझ्या हातात, अशी आमची वरात क्लासच्या मागच्या सगळ्या गल्ल्यांतून फिरली. दारोदारी पाट्या होत्या, खोली भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी मुलींसाठी. जात म्हणून कोणी विचारत नाही, आजी, इथली माणसं लई शिकलेली आहेत. ती आडनाव विचारतात. सूर्यवंशी सगळ्यांतच असतात, तेवढ्यावर त्यांचं समाधान होत नाही. मग गाव कोणतं, घर गावात की गावाबाहेर. एका बाईने विचारलं, तुमच्याकडे गौरीच्या सणाला महालक्ष्म्या उभ्या की बसलेल्या. पप्पा इतके दमले होते की म्हणाले, झोपलेल्या. ती खोली त्याच क्षणी आदल्या दिवशी भाड्याने गेली.

एके ठिकाणी पप्पांनी सरळ सांगून टाकलं की आम्ही मातंग आहोत. मालक म्हणाले, आमचं काही नाही हो, पण शेजारच्यांना चालणार नाही. आम्ही शेजारी गेलो. शेजारच्यांनी या मालकांचं नाव सांगितलं.

जगदेवीबाईंनी मात्र उत्तराची वाटच बघितली नाही. सूर्यवंशी, तालुका लोहा, एवढं ऐकून स्वतःच म्हणाल्या, म्हणजे तुम्ही त्या सूर्यवंशी पाटलांपैकी, मोठी शेती आहे म्हणे त्यांची. पप्पा तोंड उघडणार तेवढ्यात मी हो म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

जाताना पप्पा म्हणाले, खोटं तू बोललीस, निभाव तूच. आता रिकाम्या खोल्या राहिल्यात त्या पार गावाबाहेर, क्लास सुटल्यावर अंधारात एकटीने जायचा रस्ता. तिथे ते मला ठेवणार नाहीत. ही खोली सुटली तर सरळ गावी, आणि डॉक्टर होण्याचं नाव काढायचं नाही. नीटच्या परीक्षेत नंबर एकदा हुकला आहे, हे दुसरं वर्ष. तिसरं मिळणार नाही हे तुलाही माहीत आहे.

तेव्हा रविवारी फोनवर वस्तीचं, शिंदीच्या पानांचं आणि तुझ्या केरसुण्यांचं नाव काढू नकोस, एवढी कृपा कर.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी,
सृष्टी


मौजे बोरखेडी, ता. लोहा
दि. ३ जुलै २०२५

चि. सृष्टीस आजीचे अनेक आशीर्वाद, आणि एक शिवी, ती शेवटी देईन.

तुझं पत्र पोस्टमननं पिंपळाखाली उभं राहून, माझं नाव पुकारून दिलं. नागाबाईला पत्र आलं म्हणल्यावर वस्तीतल्या बाया गोळा झाल्या. कोर्टाचा कागद असंल म्हणून दोघी तर पदर डोळ्याला लावून तयार बसल्या. मी म्हणलं, थांबा, आधी वाचू द्या, रडायचं असलं तर सांगते. वाचायला मला दिवस मावळला, कारण तू अक्षर मुंगीच्या पायाएवढं काढतीस.

तर मी पाटलीण झाले. तुझा आजोबा दगडोबा असता तर हे ऐकून आधी गाव सोडून पळाला असता. आता मला सांग, पाटलीणबाईनं दिवसभर करायचं काय? मी काल खाटेवर बसून बघितलं. कंबर धरली. मग उठून शिंदीची पानं कापायला गेले.

जमीन किती हाय तेवढं कळव. बागायत का कोरडवाहू? तू एक सांगशील अन् मी भलतंच. पाटलीण केलीसच तर पाणी तरी भरपूर दे. हितं नळ वरच्या आळीला आधी येतो अन् आपल्याकडं येईस्तोवर नुसता खाकरतो.

वस्तीला ग्रामपंचायतीनं नवं नाव दिलं. पाटी लावली, फोटो काढले. रस्ता मात्र जुन्याच नावाचा हाय. तुझ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आता निस्ती आपल्या वस्तीतली लेकरं उरलीत, बाकी सगळी पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत जातात. ती गाडी चालवतो कोण, तर तुझा बाप. मालक म्हणतो, तुमच्या वस्तीतला रस्ता अरुंद, गाडी आत येत न्हाई. टँकर येतो, ट्रॅक्टर येतो, मतं मागायची जीप येती, पिवळी गाडी तेवढी अडकती. दुपारी भाकर खायला तुझा बाप ती पिंपळाखाली लावून पायी येतो.

खोटं बोललीस त्याचं मला काही न्हाई. छप्पर मिळालं ना. पण पोरी, खोटं ही पाळलेली म्हैस हाय, तिला रोज चारा टाकावा लागंल. फोनवर मी केरसुणीचं नाव काढणार न्हाई. पण मला इचारलं तर खोटं बी बोलणार न्हाई. येत न्हाई असं न्हाई, ध्यानात राहत न्हाई.

शिवी आता घे. गधडे, जेवत जा.

तुझी आजी, हल्ली पाटलीण,
नागाबाई


लातूर
दि. ५ सप्टेंबर २०२५

ती. आजीस सा. न. वि. वि.

रविवारी तू फोनवर जे केलंस त्याला तोड नाही. बाईंनी विचारलं जमीन किती, तर तू म्हणालीस, आमच्या दारात उभं राहिलं की नजर जाईल तिथवर सूर्यवंशी पाटलांचंच रान. यात एक अक्षर खोटं नाही. तेव्हापासून माझ्या वरणात तूप पडतं.

माझ्या खोलीतली मंजुषा चाकूरकडची. ती तर माझ्याहून मोठ्या घरची निघाली. मी विहीर सांगितली की ती दोन सांगते, मी म्हैस काढली की ती बैलजोडी काढते. आम्हा दोघींची शेती एकत्र केली तर एक तालुका आरामात बसेल. तिचे वडील घरी कधीच येत नाहीत, तिला बसस्टँडवर बोलावून डबा देतात. बैलांमुळे वेळ नसतो म्हणे.

यंदा बाईंच्या महालक्ष्म्यांना पुरण वाटायला मला बोलावलं. सगळ्या मुलींत फक्त मला, घराण्यातली म्हणून. मी सोवळ्यात बसून पुरण वाटत होते आणि बाई मला समजावत होत्या की तुझा नंबर गेल्या वेळी हुकला त्यात तुझी चूक नाही, जागा त्या लोकांना जातात. मी मान हलवली आणि वाटत राहिले. पुरण इतकं मऊ कधी झालं नव्हतं म्हणतात.

तेवढ्यात त्यांच्या मुलाचा, मृत्युंजयचा, पुण्याहून फोन आला. त्याला खोली बदलायची आहे. तिथल्या मालकाने गाव विचारलं, लातूर म्हटल्यावर आणि त्याचं बोलणं ऐकल्यावर सांगितलं की खोली कालच गेली. बाईंनी त्या मालकाचा असा उद्धार केला की देवापुढची समई थरथरली. माणसाला माणूस म्हणून बघत नाहीत मेले, असं म्हणाल्या. मी पुरणात बघत होते.

आता खरं काम. घाबरू नकोस, बसून वाच. बाईंना दिवाळीला खरी शिंदीची केरसुणी हवी आहे. इथे सगळीकडे प्लास्टिकचे झाडू, त्यांची लक्ष्मी म्हणून पूजा कशी करायची म्हणतात. मला म्हणाल्या, तुमच्याकडे वाड्यावर केरसुणीवाली येतच असेल, आजींना सांग तिच्याकडून एक चांगली घेऊन ठेवायला.

मी हो म्हणाले. मला दुसरं काही म्हणताच येत नाही असं झालंय.

तुझी,
सृष्टी


मौजे बोरखेडी
दि. १४ सप्टेंबर २०२५

चि. सृष्टीस पाटलीणबाईंचे आणि केरसुणीवालीचे, दोघींचे आशीर्वाद.

तुझ्या मालकिणीचा हुकूम मानून आज मी केरसुणीवालीला बोलावणं धाडलं. ती लगेच आली, लांब राहत न्हाई. मी खाटेवर बसून इचारलं, काय गं, चांगली केरसुणी हाय का? मीच खाली बसून म्हणलं, हाय की बाईसाहेब, पण जरा दाम पडंल. मी म्हणलं, लई माजलीस. मी म्हणलं, मग स्वतःच करून बघा, बोटं कापतात. तुझी माय उज्वला दारात उभी राहून बघत व्हती. ती तुझ्या बापाला, भारतला म्हणली, आईला दवाखान्यात दाखवा.

केरसुणी करते. शिंदी सावलीत वाळायला टाकलीय, उन्हात टाकली की कडक व्हती. बुडाला माझ्या लाल लुगड्याची चिंधी गुंडाळीन, मी नेहमी करते तशी.

पण एक ऐक. लक्ष्मीची केरसुणी पार्सलात घालून, कंडक्टरच्या पायाखाली टाकून पाठवायची नसती. करणारीनं दारात न्यायची, घेणारीनं तिला हळदकुंकू लावायचं, अन् देणारीच्या पदरात सुपातलं धान्य घालायचं. माझ्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनं बी. तेव्हा धनतेरसीला मी सोता येते. तू यंदा दिवाळीला येणार न्हाईस म्हणतीस, तर तुझं तोंड बी दिसंल.

अन् त्या मंजुषाचा बाप बसस्टँडवरच का भेटतो, ते मला इथं बसून कळलं. तुला खोलीत राहून कळंना. बैलबिल काही न्हाई. तू डॉक्टर व्हय, पण रोग्याकडं जरा नीट बघत जा.

आजी


लातूर
दि. ६ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस घाईघाईत नमस्कार.

येऊ नको म्हटलं तरी तू येणार, म्हणून येऊ नको म्हणत नाही. पण येशील तर पाटलीण होऊन ये. मम्मीची मोरपंखी साडी नेस. मिसरी घरूनच लावून ये, इथे डबी काढू नकोस. खुर्ची दिली की खुर्चीवर बस. तू सवयीने उंबऱ्याबाहेर उकिडवी बसतेस, तसं करू नकोस. केरसुणी कोणी केली विचारलं तर गावातल्या बाईने केली म्हण. तेही खरंच आहे.

आणि आजी, एक सांगू का. तुझे हात पदराखाली ठेव. शिंदीने कापलेले ते बाईंच्या लगेच ध्यानात येतील. त्यांची नजर लई बारीक आहे.

परीक्षेला थोडेच महिने राहिलेत. तेवढे निघू देत. मग मी सगळ्या लातूरला ओरडून सांगेन.

रागावू नकोस.
सृष्टी


मौजे बोरखेडी
दि. १९ ऑक्टोबर २०२५

चि. सृष्टीस आशीर्वाद.

काल तू बघितलंस ते अर्धंच. पुढचं-मागचं मी सांगते, म्हंजे उगा डोकं शिणवत बसू नकोस.

उज्वलाची साडी मी पिशवीत घेतली व्हती. लातूरला उतरून नेसणार व्हते. पण तुझ्या बाईकडं लातूरला चाललेच हाय तर एकच केरसुणी न्यायची कशाला, म्हणून भारा बांधला व्हता. तुझ्या गल्लीत शिरले अन् गिऱ्हाईकच सुटंना, साडी राहून गेली. पोरी, तुझ्या बापाकडून खुणा घेऊनच निघाले व्हते, तुम्हाला ज्या ज्या दारांनी खोली दिली न्हाई, त्या दारांतून काल माझी केरसुणी आत गेली. शेजारच्यांना चालणार न्हाई म्हणणाऱ्यानं घेतली, त्याच्या शेजाऱ्यानं बी घेतली. केरसुणीपुरतं दोघांचं एकमत दिसलं.

तुझ्या दारात पोचले तेव्हा डोक्यावर भारा, पायात धूळ. जगदेवीबाई बाहेर आल्या अन् त्यांनीच इचारलं, पाटलीणबाईंनी पाठवलं का? मी तुझ्यावानी हो म्हणलं. घराण्याची सवयच हाय.

बाई मनानं वाईट न्हाई. केरसुणी हातात घेऊन फिरवून बघितली, डोळ्याला लावली, हळदकुंकू वाहिलं, पदराखाली झाकून देवघरात नेली. मला म्हणली, तू इथंच पायरीवर बस, चहा देते. नळापलीकडच्या कोनाड्यात एक कानतुटका कप हाय, त्यात वरून ओतला. साखर झ्याक व्हती. केरसुणी आत, मी बाहेर. दोघी एकाच हातच्या, पण तिला कुणी गाव इचारलं न्हाई.

मग बाईनं पाटलीणबाईची चौकशी मांडली. स्वभाव कसा? मी म्हणलं, जिभेची लई वाईट, सुनेला जाच करती, नवऱ्यानं कंटाळून डोळे मिटले. बाई खूश झाली, पुढं सरकून बसली. नात कशी? मी म्हणलं, नात हुशार, फक्त भित्री. बाई म्हणली, तुझा आवाज अगदी पाटलीणबाईंसारखा हाय गं. मी म्हणलं, एका गावचं वारं, बाई.

अन् तेवढ्यात तू आलीस. बाई तुला म्हणल्या, तुमच्या गावची बाई आलीय बघ. तू माझ्या पायाकडं बघितलंस, कपाकडं बघितलंस, अन् मला इचारलंस, आजी कशी आहे?

मी म्हणलं, बरी हाय. तुझी याद काढती. अभ्यास कर म्हणली.

चांगलं वठवलंस. मी असते तर हसले असते. फाटकापाशी तुझी मैत्रीण मंजुषा गुपचूप येऊन माझ्या पाया पडून गेली. तिला काय कळलं ते तिला इचार.

हात मी पदराखाली ठेवले न्हाईत. चहा प्यायला हात लागतात.

आता एक काम कर. ती पाटलीण मेली म्हणून सांग. मला दोन-दोन बाया पोसणं व्हईना. पायरीवर बसून एकीनं चहा प्यायचा अन् दुसरीच्या नावानं नातीनं तूप खायचं, हे जमंना. सुतक पाळायचं असलं तर पाळ, बाईला खरं वाटंल.

आजी


लातूर
दि. २४ ऑक्टोबर २०२५

ती. आजी,

पाटलीण मेली. पण मी मारली नाही, केरसुणीने मारली.

लक्ष्मीपूजनाला बाईंनी पाट मांडला, त्यावर केरसुणी उभी केली, हार घातला. बाकीच्या मुली गावी गेलेल्या, म्हणून मला आणि मंजुषाला नमस्कार करायला बोलावलं. मी वाकले तर डोळ्यांसमोर तुझ्या लाल लुगड्याची चिंधी. लहानपणी मी तापाने फणफणले की तू त्याच लुगड्यात मला गुंडाळायचीस. मी डोकं टेकवलं आणि वरच करता येईना. बाई म्हणाल्या, पुरे गं, एवढी काय भक्ती. मी म्हणाले, ही माझ्या आजीने केली आहे. आणि परवा पायरीवर बसली होती ती माझी आजी. पाटलीण आमच्यात कोणीच नाही.

बाईंनी हातातलं तबक खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, पुरण वाटलंस गं तू माझ्या देवाचं. मी म्हणाले, हो, आणि मऊ झालं होतं. हे बोलायला नको होतं, पण तुझीच नात.

त्यांनी सांगितलं की भाऊबीज झाली की खोली रिकामी कर. यावर मंजुषा एकदम उभी राहिली आणि म्हणाली, मग मी पण जाते. आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. तिच्याकडे बैलजोडी नाही, विहीर नाही. तिचं घर आपल्यासारखंच गावाच्या खालच्या अंगाला. तिचे वडील लग्नात हलगी वाजवतात. बाईंचं माहेर चाकूरचं, तिथे ते सगळ्यांच्या ओळखीचे, म्हणून इकडे पाऊल टाकत नाहीत. तू त्या दिवशी फाटकातून निघालीस तेव्हा तुझी चाल बघून तिला आपलं माणूस कळलं म्हणे. इतके महिने एका खोलीत राहून आम्ही एकमेकींना खोट्या म्हशी दाखवत होतो. आम्ही दोघी हसायला लागलो. देवापुढे, पूजेच्या वेळी.

बाई म्हणाल्या, अगं, मग या लातुरात खरी जमीन आहे तरी कोणाकडे?

पप्पांना कळवलं आहे. ते रविवारी पेटी न्यायला येतील. पेटी भरून ठेवली आहे, फक्त पुस्तकं वर ठेवली आहेत, तोवर वाचता यावीत म्हणून.

आजी, त्या दिवशी मी तुलाच विचारलं, आजी कशी आहे. ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. तू शिव्या दे. आशीर्वाद नको.

सृष्टी


लातूर
दि. २८ ऑक्टोबर २०२५

श्रीमती नागाबाई सूर्यवंशी यांस जगदेवीचा स. न. वि. वि.

तुमचा-माझा परिचय झालेला आहे, तरी तो नीट झाला नाही, असे माझे मत आहे. माझ्याच पायरीवर बसून, माझाच चहा पिऊन तुम्ही मला फसवलेत. तुम्ही सांगितलेले पाटलीणबाईंचे वर्णन मात्र तंतोतंत खरे निघाले, जीभ वाईट हे तर विशेष.

रविवारी तुमचे चिरंजीव दोरी घेऊन पेटी बांधायला आले. त्याच वेळी मंजुषाचे वडीलही आले. मी दोघांना अंगणात उभे केले आणि खडसावणार होते. तेवढ्यात ते हलगीवाले म्हणाले, ताई, तुम्ही मला ओळखलं नाही, तुमच्या भाचीच्या लग्नात माझ्या हलगीवर वेशीपासून मांडवापर्यंत नाचलात. सगळी गल्ली ऐकत होती. मी नाचले होते, हे नाकारता येत नाही, व्हिडिओ आहे.

मृत्युंजयला फोनवर ही सगळी हकीगत सांगितली. मला वाटले तो माझी बाजू घेईल. तो हसत सुटला. थांबेचना, म्हणून मी फोन ठेवला. त्याला पुण्यात अजून खोली मिळालेली नाही.

तर निर्णय असा की मुली परीक्षेपर्यंत राहतील. यात गैरसमज नसावा. लक्ष्मीपूजनानंतर घरातून कोणाला बाहेर काढू नये, अशी माझ्या सासूबाईंची शिकवण आहे. तुमचे चिरंजीव दोरी घेऊन परत गेले. तूप मी बंद केले होते, पण मुलगी वाळायला लागली म्हणून पुन्हा सुरू केले आहे.

केरसुणी उत्तम आहे. केर एका फटक्यात निघतो. पुढच्या दिवाळीलाही एक लागेल.

तो कानतुटका कप परवा घासताना हातातून सुटून फुटला. हे सहज कळवते.

तुमच्या त्या पाटलीणबाईंची तब्येत कशी आहे, तेही कळवावे. लोभ ठेवायचा की नाही हे तुमच्यावर.

जगदेवी


मौजे बोरखेडी
दि. ६ नोव्हेंबर २०२५

जगदेवीबाईस नागाबाईचा रामराम.

तुमचं पत्र मी वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवलं. हलगीच्या ठिकाणी मला दोनदा थांबावं लागलं. बायांनी व्हिडिओ मागितलाय.

सासूच्या शिकवणीचं लिहिलंत. बरं केलंत. मी तिला कुठं इचारायला जाऊ, ती गेलेली. दिवाळीनंतर खोलीला गिऱ्हाईक मिळत न्हाई, असं लातूरहून आलेली माणसं सांगतात, पण तुम्ही सासू म्हणता तर सासूच. पोरी राहिल्या, मला तेवढ्यानं भागतं. पोरीला लाडावू नका. उशिरा उठली तर उठवा, खोटं बोलली तर काढा. आता तिच्याकडं बोलायला खोटं काही उरलंच न्हाई.

तिला एवढं सांगा की आजीनं शिवी धाडली हाय, लई मोठी हाय, पत्रात मावत न्हाई, परीक्षा झाल्यावर येऊन घेऊन जा म्हणावं.

पुढच्या दिवाळीच्या केरसुणीचं. आणीन. पण आधीच सांगून ठेवते, या वेळी मी तिला पायरीवर सोडणार न्हाई. ती जाईल तिथं मी जाईन, दारातून, स्वयंपाकघरातून, पार देवघरापर्यंत, अन् पाटावर माझ्या हातानं ठेवीन. हे जमत नसंल तर प्लास्टिकचा झाडू काय वाईट हाय, त्याचं गाव इचारावं लागत न्हाई.

कप फुटला म्हणता. फुटला का फोडला ते मी इचारत न्हाई. पण नवा घेताना सुटा एक घेऊ नका. एका खोक्यातले सगळे सारखे आणा, अन् ते बी कान असलेले, चहा लई कडक करता तुम्ही, बोटं भाजतात. सारखे असले म्हंजे कोणता कुणाचा ते चार दिवसांत तुमच्या बी ध्यानात राहणार न्हाई.

लोभाचं इचारलंत. चहा बघून ठरवू.

नागाबाई

ता. क. पाटलीणबाईंची खबर इचारलीत. बऱ्या हायत. पोरीनं मारल्या व्हत्या, पण माझ्यासारख्याच चिवट निघाल्या. हल्ली त्या अन् मी एकाच कपात चहा पितो.